शेकरूचे खाते

आम्हा कर्जतकरांना एल्फिन्स्टन म्हटले की परळला लागून असलेले स्टेशन आठवते. 2018 साली त्याचे प्रभादेवी झाले, तेव्हा वाटले, सुटलो, साहेब एकदाचे गेले. कसले जातात! ते आमच्याच डोक्यावर, भीमाशंकरच्या झाडांत हातभर झुपकेदार शेपटी सोडून बसले आहेत.

त्याचे असे झाले. 1824 साली मुंबई सरकारने साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. गावे, पिके, माणसे मोजता मोजता गडी पशुपक्ष्यांचीही नोंद करू लागला. (आकड्यांचे व्यसन वाईट. मी कॉमर्सचा, मला विचारा.) 1831 साली त्याची यादी लंडनच्या विद्वानांपुढे गेली, आणि तिच्यात आपल्या शेकरूचे नाव पडले 'एल्फिन्स्टनी'! म्हणजे खडकीच्या लढाईच्या वेळी, 1817 साली, पुण्याला रेसिडेंट होते आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ते माउंटस्टुअर्टसाहेब. स्टेशनवाले लॉर्डसाहेब त्यांचे पुतणे. काका-पुतण्यांचा घोळ आपल्याला काही नवा नाही.

आमच्या बँकेत खातेदाराच्या सहीवाचून नाव बदलले तर चौकशी लागते. इथे खातेदाराला कुणी विचारलेच नव्हते. म्हणून एका रविवारी मीच खांडसहून गणेश घाटाने वर गेलो. सोबत पायथ्याच्या वाडीतले ठाकरमामा.

"मामा, दिसत नाही कुठे?"

"तुमी बिस्किटाचा पुडा फोडला ना सायेब, तवाच त्यानं ऐकलं. कवाचं बघतंय तुमच्याकडं."

खरेच! फांदीला पोट चिकटवून, चपटे होऊन ते निपचित पडले होते. डोळे मात्र आमच्यावर. धोका वाटला की ते असे करते, नाहीतर खोडाआड सरकते. दहा मिनिटांनी आम्ही निरुपद्रवी ठरलो असू. ते मागच्या पायांवर उलटे लटकले, शेपटीने तोल सांभाळला आणि दोन्ही हातांत फळ धरून खाऊ लागले. वर काटक्या-पानांची गोल घरटी दिसत होती. एकाच शेकरूची अशी अनेक असतात म्हणे. एका खातेदाराची इतकी खाती! मी सवयीने मोजू लागलो.

1985 पासून हे अभयारण्य आहे, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. पण त्याचा रस्ता फांदीवरून फांदीवर. जमिनीवर ते क्वचितच उतरते. उडी मारली तर सहा मीटरपर्यंत.

उतरताना मामांनी एक जागा दाखवली. अलीकडे घरट्याचे झाड, पलीकडे फळांनी लगडलेला उंबर. मधले झाड गेलेले.

"येतं, बघतं, अन् माघारी जातं," मामा म्हणाले.

मी पावलांनी अंतर मोजले. चौदा पावले भरली.