चिनी पंचमसाला : घटक, कृती, वापर आणि चक्रफुलाबाबतची दक्षता

‘वू श्यांग फेन’ या चिनी शब्दांचा अर्थ ‘पाच सुगंधांची पूड’. चक्रफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग आणि सिचुआन मिरी या पाच द्रव्यांपासून ती तयार होते. चीनमध्ये भाजलेले बदक, डुकराचे मांस आणि सोया सॉसमध्ये मंद आचेवर शिजवलेले पदार्थ यांना या पुडीचा गंध असतो. आपल्याकडे ‘चायनीज मसाला’ म्हणून विकली जाणारी पाकिटे वेगळी. त्यांत बहुधा मीठ, साखर, मिरची आणि लसणाची पूड यांचा भर असतो. गाड्यावरच्या मंचुरियनची चवही मुख्यतः सोया सॉस, व्हिनेगर, लसूण व मिरचीची असते. पंचमसाल्याशी तिचा फारसा संबंध नाही.

पाच या संख्येचा संबंध चिनी परंपरेतील पंचतत्त्वे आणि आंबट, कडू, गोड, तिखट व खारट या पाच चवींशी जोडला जातो. प्रत्यक्षात घटक प्रदेशागणिक बदलतात. कुठे सुंठ, कुठे ज्येष्ठमध, तर कुठे संत्र्याची वाळलेली साल त्यात पडते. मात्र चक्रफुलाचे प्राधान्य सहसा कायम राहते.

परिचित घटक, अपरिचित मेळ

या पाचांपैकी चार द्रव्ये मराठी स्वयंपाकघरात असतातच. चक्रफूल, म्हणजेच बाद्यान, गोड्या मसाल्यात आणि गोव्याच्या शागुतीतही पडते. त्याला बडीशेपेसारखा गंध येतो, कारण अ‍ॅनेथोल हे सुगंधी द्रव्य दोहोंत आहे. दालचिनी जाड, कडक सालीची घ्यावी; चिनी मसाल्यात तीच वापरतात. पापुद्र्यासारखी पातळ सिलोनी दालचिनी सौम्य पडते.

पाचवे द्रव्य सिचुआन मिरी. नावात मिरी असली तरी काळ्या मिरीशी तिचे नाते नाही. ती गोवा-कोकणात बांगड्याच्या हुमणात पडणाऱ्या तिरफळाच्या (तेफळाच्या) कुळातली आहे. जिभेला झिणझिण्या आणणारा गुण दोहोंत असून वापरायचे असते ते फळाचे टरफल. आतली काळी, कडक बी टाकून द्यायची असते. म्हणून सिचुआन मिरी न मिळाल्यास तिरफळ हा सर्वांत जवळचा पर्याय ठरतो. त्याचा वास अधिक उग्र असल्याने प्रमाण थोडे कमी ठेवावे.

प्रमाण आणि कृती

चक्रफूल : १० ग्रॅम (सहा-सात अखंड फुले)
बडीशेप : १० ग्रॅम
दालचिनी : ५ ग्रॅम
सिचुआन मिरी : ५ ग्रॅम (किंवा बिया काढलेले तिरफळ ३ ग्रॅम)
लवंग : ३ ग्रॅम

चक्रफूल व दालचिनी खलबत्त्यात जाडसर कुटून घ्यावी. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर प्रथम हे तुकडे, मग बडीशेप व लवंग आणि शेवटी मिरीची टरफले घालावीत. टरफलांना अर्धा-एक मिनिट पुरते. ती करपली तर सारा मसाला कडू होतो. सुगंध सुटताच मसाला ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. गरम असताना दळल्यास वाफ धरते आणि गुठळ्या होतात. दळलेली पूड बारीक चाळणीने चाळून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर ठेवावी. दोन-तीन महिन्यांत तिचा गंध उतरू लागतो. दमट हवेच्या किनारपट्टीत एका वेळी थोडीच पूड करणे हिताचे.

वापर

गरम मसाल्यासारखी ही पूड शेवटी वरून भुरभुरवत नाहीत. मुरवणात किंवा शिजवण्याच्या आरंभी घालतात. अर्धा किलो चिकन किंवा मांसाला अर्धा लहान चमचा पूड, दोन मोठे चमचे सोया सॉस, थोडे आले-लसूण आणि चिमूटभर साखर पुरते. तासभर मुरवून ते भाजावे किंवा मंद आचेवर शिजवावे. पनीर, टोफू, अळंबी यांना पाव चमचाही पुष्कळ होतो. जास्त झाल्यास चक्रफूल व लवंग इतर सर्व चवी झाकून टाकतात. एक भाग पूड आणि चार भाग कोरडे भाजलेले मीठ एकत्र केले, की तळलेल्या मासळीवर किंवा कोळंबीवर भुरभुरण्याजोगे मीठ तयार होते.

चक्रफूल अखंडच घ्यावे

मसाला घरी करण्यामागे ताजेपणाइतकेच सुरक्षिततेचेही कारण आहे. चिनी चक्रफुलाशी हुबेहूब साम्य असलेले जपानी चक्रफूल, म्हणजे ‘शिकिमी’, विषारी आहे. जपानमध्ये ते खाण्यासाठी नव्हे, तर धूप व धार्मिक विधींसाठी वापरतात. त्यातील अ‍ॅनिसॅटिन हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. उलट्या आणि झटके ही त्याची लक्षणे होत. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रफुलाचा चहा न पिण्याचा इशारा दिला होता. असा चहा घेतल्यानंतर आजारी पडलेल्यांत तान्ही मुलेही होती.

शिकिमीची फळे सहसा लहान असतात, पाकळ्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात आणि बडीशेपेचा गोड वास जवळजवळ येत नाही. तरीही केवळ डोळ्यांनी खात्री पटवणे अवघड असते, आणि पूड झाल्यावर तर ही खूणही उरत नाही. म्हणून चक्रफूल अखंड आणि विश्वासू दुकानातूनच घ्यावे, गोड वास नसलेली फळे टाकून द्यावीत. पोटदुखीवरचा घरगुती उपाय म्हणून तान्ह्या बाळाला चक्रफुलाचा काढा मुळीच देऊ नये.