प्रतींच्या बहुमताची कुळकथा

नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी ही कोरलेली नावं टिकली. मूर्तींच्या उरल्या त्या फक्त पावलांच्या खुणा. ते चेहरे कसे होते, हे कळायला आता मार्ग नाही. प्रत्येक मूर्ती एकच होती, ती गेली.

बाजूच्या भिंतींवरच्या नागनिकेच्या लेखाचं नशीब वेगळं. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. 1828 मध्ये विल्यम साइक्सने तो पाहिला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्याचा अभ्यास केला, 1883 मध्ये ब्यूलरने वाचन छापलं. शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर बसवतात, ब्रशने ठोकून खाचांत दाबतात आणि वरून शाई फिरवतात. अक्षरं पांढरी उमटतात. असे ठसे आणि छापील वाचनं चार ठिकाणी गेली की एका कड्याच्या झिजेवर सगळं अवलंबून राहत नाही.

दगडावरचा मजकूर बदलत नाही, म्हणून त्याची कुठलीही चांगली प्रत चालते. सातबारा मात्र बदलतो. समजा, त्याच्या प्रती पाच संगणकांवर आहेत. फेरफार मंजूर झाला त्या वेळी दोन बंद होते. ते पुन्हा सुरू झाले की त्यांच्यावर जुनाच मालक दिसणार. मग खरं कोणाचं मानायचं?

1979 मध्ये रॉबर्ट थॉमस आणि डेव्हिड गिफर्ड यांनी वेगवेगळ्या लेखांत याचं उत्तर मतदानात शोधलं. साधा नियम असा: नवी नोंद किमान तिघांवर पोचली तरच ती पक्की, वाचतानाही तिघांना विचारायचं. पाचांतले कुठलेही तीन आणि दुसरे कुठलेही तीन घ्या, एक तरी सामाईक निघतोच. त्याच्याकडे नवी नोंद असते आणि आवृत्तीच्या क्रमांकावरून ती ओळखू येते. दोन यंत्रं बंद पडली तरी काम चालू राहतं.

लेस्ली लॅम्पोर्टची 1998 मध्ये प्रसिद्ध झालेली 'पॅक्सोस' आणि 2014 ची 'राफ्ट' या पद्धतीही बहुमतावरच उभ्या आहेत.

तिसरं यंत्रही बंद पडलं, तर उरलेली दोन उत्तर देत नाहीत. ही अडचण नियमात मुद्दाम ठेवलेली आहे. जमिनीच्या कागदावर चुकीचं नाव दिसण्यापेक्षा खातेदाराने तासभर थांबलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं. प्रती करणं माणसाला फार पूर्वीपासून येतं. बदलत्या नोंदीच्या प्रतींत खरी कोणती, हे ठरवायचा नियम ही या विद्येची खरी कमाई आहे.