इंग्रजीचा तास, कॅनडा : शोध, संदर्भ, युक्तिवाद आणि साहित्यविश्लेषण

कॅनडातील माध्यमिक शाळांच्या वरच्या इयत्तांत इंग्रजी या विषयात चार कौशल्ये एकमेकांना जोडून शिकवली जातात : माहितीचा शोध घेणे, तिचा संदर्भ देणे, युक्तिवाद उभारणे आणि साहित्यकृतीचे विश्लेषण करणे. सत्र संपताना उजळणी होते ती धड्यांपेक्षा याच कौशल्यांची. परीक्षेतला उतारा पुष्कळदा अनोळखी असतो, त्यामुळे पाठ केलेले उत्तर तिथे उपयोगी पडत नाही.

साऱ्या देशाला मिळून एक अभ्यासक्रम नाही. १८६७ च्या घटनाकायद्यातील ९३ व्या कलमाने शिक्षण प्रांतांकडे दिले आणि प्रत्येक प्रांताने आपली रीत पाडली. ओंटारिओत विद्यापीठात जायचे तर बारावीचा ‘ईएनजी४यू’ हा अभ्यासक्रम लागतोच. त्यात ७० टक्के गुण सत्रभराच्या कामाला आणि ३० टक्के अखेरच्या मूल्यमापनाला. अल्बर्टात ‘इंग्लिश लँग्वेज आर्ट्स ३०-१’ची प्रांतव्यापी डिप्लोमा परीक्षा असते. २०१५ पर्यंत अंतिम निकालात तिचे वजन निम्मे होते, आता ते ३० टक्के आहे. या परीक्षेतील निम्मे गुण वाचनाला आणि निम्मे लेखनाला असतात. समीक्षात्मक निबंधासाठी वर्गात अभ्यासलेली साहित्यकृती विद्यार्थ्याने स्वतः निवडायची असते. क्वेबेकमधील इंग्रजी सेजेप महाविद्यालयांत पदविकेसाठी अशीच एक निबंध-परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

साहित्यविश्लेषणावर समीक्षक नॉर्थ्रप फ्राय (१९१२–१९९१) यांची छाया मोठी आहे. शेरब्रुक येथे जन्मलेल्या आणि टोरांटोच्या व्हिक्टोरिया कॉलेजात आयुष्यभर शिकवणाऱ्या फ्राय यांचा ‘ॲनॅटॉमी ऑफ क्रिटिसिझम’ हा ग्रंथ १९५७ साली आला. १९६२ च्या मॅसी व्याख्यानमालेत साहित्य का शिकवायचे, याची चर्चा त्यांनी सीबीसी रेडिओवरून सर्वसामान्य श्रोत्यांपुढे केली. कृती आवडली की नाही हा समीक्षेचा गाभा नव्हे, ती कशी रचली आहे हे पाहायचे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातून नववी-दहावीत तिकडे गेलेल्या मुलाला नेमके हेच अवघड जाते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या मुद्द्यांवर कवितेचे रसग्रहण लिहिण्याची त्याला सवय असते. रसग्रहणात बारीक वाचन आहे, पण ते कवितेच्या बाजूने बोलते. ओंटारिओतल्या शिक्षिकेला हवे असते एक विधान, ज्याच्याशी दुसऱ्या वाचकाला असहमत होता येईल.

या विधानाला तिथे थिसिस म्हणतात. रिचर्ड वॅगमीज यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२) ही कादंबरी अनेक शाळांत वाचली जाते. सॉल हा ओजिब्वे या आदिवासी समाजातला मुलगा आदिवासी मुलांसाठीच्या सक्तीच्या निवासी शाळेत ओढून नेला जातो आणि तिथे हॉकीत चमकतो. ‘या कादंबरीत हॉकीला महत्त्व आहे’ हे विधान खरे असले तरी निरुपयोगी आहे. त्याच्याशी कोण भांडणार? ‘हॉकी सॉलला वाचवते, पण त्याच्यावर झालेला अत्याचार त्याच्यापासूनच लपवूनही ठेवते’ असे म्हटले की काम सुरू होते. पुरावा म्हणून सांगावे लागते की त्याला खेळाकडे आणणारा पाद्रीच अत्याचारी होता, आणि हे कादंबरीच्या अखेरीकडेच उघड होते. मग पूर्वपक्षही मांडायचा : बर्फावरचा त्याचा आनंद खोटा कसा म्हणता येईल? त्याला उत्तर दिल्याशिवाय निबंध पुरा होत नाही. २०२३ मध्ये टोरांटो जिल्हा शाळा मंडळाने अकरावीच्या सक्तीच्या इंग्रजीच्या जागी आदिवासी लेखकांच्या साहित्याचा अभ्यासक्रम आणण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून अशा पुस्तकांचे स्थान आणखी पक्के झाले.

शोधाच्या बाबतीत जुनी पद्धत एकाच संकेतस्थळाला प्रश्न विचारण्याची होती : लेखक कोण, तारीख कोणती, हेतू काय. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवले की व्यावसायिक तथ्यतपासनीस असे करत नाहीत. ते लगेच पान सोडून बाहेर पडतात आणि त्या संकेतस्थळाबद्दल इतर काय म्हणतात ते पाहतात. ‘सिव्हिक्स’ या कॅनेडियन संस्थेचा ‘कंट्रोल-एफ’ हा शालेय उपक्रम याच सवयीवर आधारलेला आहे.

संदर्भ देण्यासाठी इंग्रजीच्या वर्गात बहुधा एमएलए पद्धत वापरतात. मजकुरात कंसात लेखकाचे आडनाव व पृष्ठांक, शेवटी संपूर्ण यादी. २०१६ च्या आठव्या आवृत्तीने पुस्तक, लेख, चित्रफीत यांचे वेगवेगळे साचे मोडून सर्वांसाठी नऊ घटकांचा एकच क्रम दिला. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे यावर विद्यार्थी रात्री जागवतात, पण हा त्या कौशल्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. वाचकाला मूळ जागी पोहोचता येते का, एवढेच खरे तर पाहायचे.

मूळ जागा छापीलच नसेल तर? कॅनडात हा प्रश्न न्यायालयात गेला. ब्रिटिश कोलंबियातील गिट्क्सान आणि वेट्सुवेटेन लोकांनी जमिनीवरील हक्कासाठी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेला इतिहास पुरावा म्हणून मांडला. १९९१ साली कनिष्ठ न्यायालयाने त्याला फारसे वजन दिले नाही. ११ डिसेंबर १९९७ रोजी याच, डेल्गमूक खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला लेखी कागदपत्रांच्या बरोबरीने जागा द्यावी असे सांगितले. संदर्भशैली मात्र मागेच राहिल्या होत्या. एपीए या दुसऱ्या संदर्भपद्धतीत वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले ज्ञान ‘वैयक्तिक संवाद’ ठरते आणि शेवटच्या यादीत येतच नाही, म्हणजे एखाद्या ईमेलच्या पंक्तीला बसते. एडमंटनच्या नॉरक्वेस्ट कॉलेजात ग्रंथपाल म्हणून काम करताना लोरिशिया मॅक्लाउड यांनी यासाठी वेगळा साचा तयार केला आणि २०२१ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यात सांगणाऱ्याचे नाव, समुदाय, करारभूमी, राहण्याचे ठिकाण, विषय आणि तारीख यांची नोंद होते, आणि ती यादीत सन्मानाने बसते. कॅनडाने या विषयात घातलेली ही सर्वांत मोलाची भर म्हणावी लागेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून संदर्भ तपासण्याला नवी निकड आली आहे, कारण ही साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेखही आत्मविश्वासाने सुचवतात. ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयात एका कौटुंबिक वादाच्या अर्जात चॅटजीपीटीने रचलेले दोन बनावट खटले दाखल केल्याचे उघडकीस आले. त्यापायी झालेला खर्च वकिलाने स्वतः भरावा, असा आदेश न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला.