घट्ट नट आणि बिनतारी यंत्र : घरच्या मोटारीसाठी इम्पॅक्ट रेंच निवडताना

पंक्चर झालेले चाक बदलताना बहुतेकांचे घोडे नटापाशी अडते. जॅक लावता येतो, स्टेपनी बाहेर काढता येते. पण गाडीबरोबर मिळालेल्या एल आकाराच्या पान्यावर उभे राहूनही नट जागचा हलत नाही. गोव्यात समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाने चढलेला गंज हे त्याचे एक कारण. दुसरे कारण टायरच्या दुकानात सापडते. हवेवर चालणारी नटगन तिथे गरजेपेक्षा दोन-तीन सेकंद अधिक दाबून धरली, तरी नट कंपनीने सांगितलेल्या मापाच्या कितीतरी पुढे आवळला जातो. तो पुन्हा सोडवण्याची वेळ चोर्ला किंवा अनमोड घाटात रात्री आली, म्हणजे ही बाब किती गंभीर आहे ते कळते.

बॅटरीवर चालणारे इम्पॅक्ट रेंच घरी बाळगण्याची कल्पना याच अडचणीतून लोकप्रिय झाली. यंत्र उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र ते सोडवण्यासाठी घ्यायचे असते, आवळण्यासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवले तर निवडीतील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ठोक्याचे यंत्रशास्त्र

साध्या ड्रिल मशीनने नट फिरवू पाहिल्यास नट अडताच ते धरणाऱ्याचेच मनगट पिळते. इम्पॅक्ट रेंचमध्ये मोटर आणि सॉकेट धरणारा दांडा यांच्या मध्ये एक फिरता हातोडा आणि त्याच्यासमोर ऐरण असते. नट सैल असेपर्यंत दोन्ही एकत्र फिरतात. नटाने विरोध केला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, ऐरणीच्या दातावरून सुटतो आणि लगेच वेगाने फिरून तिच्यावर पुन्हा आदळतो. हे मिनिटाला दोन-तीन हजार वेळा घडते. प्रत्येक ठोका क्षणिक असल्याने हाताला झटका फारसा बसत नाही, आणि गंजाने धरलेले आटे एका संथ ओढीपेक्षा अशा लागोपाठच्या ठोक्यांनी लवकर सुटतात.

दुकानात नावांचा घोळ होतो, म्हणून एक खुलासा आवश्यक आहे. इम्पॅक्ट ड्रिल भिंतीला भोके पाडण्यासाठी असते. त्याचा ठोका पुढे-मागे बसतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रूसाठी असतो आणि त्याच्या तोंडात पाव इंची षट्कोनी बिट बसते. मोटारीच्या चाकासाठी हवे ते अर्धा इंची चौकोनी दांड्याचे इम्पॅक्ट रेंच. तीन-अष्टमांश इंची लहान रेंच बॉनेटखालच्या अडचणीच्या जागांत सोयीचे असते. परंतु एकच यंत्र घ्यायचे असेल तर अर्धा इंचीच घ्यावे.

किती ताकद पुरते?

जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या बळाचा असतो. तो न्यूटन-मीटरमध्ये देतात. येथे दोन आकडे वेगळे ओळखावे लागतात : आवळण्याचा टॉर्क आणि घट्ट नट सोडवण्याचा टॉर्क. दुसरा आकडा नेहमी मोठा असतो, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत बहुधा तोच छापलेला असतो. उदाहरणार्थ, बॉशच्या जीडीएस १८व्ही-४०० या यंत्राचा आवळण्याचा टॉर्क ४००, तर सोडवण्याचा ६०० न्यूटन-मीटर सांगितला जातो. मकिटाच्या डीटीडब्ल्यू३०० साठी हेच आकडे ३३० आणि ५८० आहेत. दोन यंत्रांची तुलना करताना एकाचा पहिला आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा समोर धरला, तर निष्कर्ष चुकणारच.

आता गरज पाहू. बहुतेक लहान व मध्यम मोटारींच्या चाकांचे नट साधारण ८५ ते १३० न्यूटन-मीटर इतके आवळायचे असतात. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. साठ किलो वजनाचा माणूस तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर सुमारे १७५ न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण होतो. म्हणजे योग्य मापाने आवळलेला नट अंगच्या वजनाने सुटायलाच हवा. तो सुटत नाही, याचाच अर्थ कोणीतरी तो फाजील आवळला आहे किंवा गंजाने धरला आहे. अशा नटासाठी ३०० ते ४०० न्यूटन-मीटर आवळण्याची क्षमता असलेले यंत्र पुरेसे ठरते.

हजार न्यूटन-मीटरची यंत्रेही मिळतात. ती ट्रक आणि अवजड यंत्रसामग्रीसाठी आहेत. बॅटरीसह त्यांचे वजन तीन किलोंच्या पुढे जाते, आणि मोटारीचा १२ मिलिमीटरचा स्टड त्यांच्यापुढे क्षणभरही टिकत नाही. घरच्या कामात मोठ्या आकड्याचा मोह महागात पडतो तो असा.

वर्षातून एखादे पंक्चर, एवढाच ज्यांचा संबंध, त्यांनी हे यंत्र न घेतलेलेच बरे. साठ सेंटिमीटर लांबीचा मजबूत दांडा आणि योग्य मापाचे सॉकेट स्टेपनीजवळ ठेवले, तर त्याच साठ किलोंच्या माणसाला दुप्पट बळ मिळते. त्याला चार्जिंगही लागत नाही. चाकांची अदलाबदल, ब्रेक पॅड, शॉक अॅब्झॉर्बर, खालचे आर्म ही कामे घरी करणाऱ्यांसाठी मात्र रेंचचा खर्च सार्थकी लागतो.

व्होल्ट आणि बॅटरी

१८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स असे दोन प्रकार बाजारात दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींत पाचच लिथियम सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरला की १८ होतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेतील धरला की २० च्या वर जातात. त्यामुळे हा फरक केवळ लेबलाचा आहे. ४८, ८८ किंवा १२८ असे आकडे आणि पुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरे मिरवणारी स्वस्त, निनावी यंत्रे ऑनलाइन सर्रास मिळतात. त्या आकड्यांचा व्होल्टेजशी संबंध नसतो. बॅटरी उघडली तर आत पुष्कळदा तेच पाच सेल आढळतात. अशी यंत्रे कधी चांगली चालतातही, पण एक-दोन वर्षांनी बॅटरी बसली की तिला जोडीदार मिळत नाही आणि यंत्र अडगळीत जाते.

म्हणूनच यंत्रापेक्षा बॅटरीचे घराणे आधी निवडावे. घरात आधीपासून एखाद्या कंपनीचे १८ व्होल्टचे ड्रिल किंवा ग्राइंडर असेल, तर त्याच मालिकेतील बॅटरीविना मिळणारे रेंच घेणे सर्वांत स्वस्त पडते. मात्र हे पुरते तपासावे : काही कंपन्यांच्या १८ व्होल्टच्याच दोन मालिका असतात आणि त्यांच्या बॅटऱ्या परस्परांना बसत नाहीत. चार-पाच अँपिअर-तासांची एक बॅटरी चारही चाकांच्या कामाला भरपूर होते. दोन अँपिअर-तासांची छोटी बॅटरी यंत्र फिरवील. पण हट्टी नटाला लागणारा विद्युतप्रवाह पुरवताना ती धापा टाकते. बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीचे चिन्ह आहे का, हेही पाहावे. ब्रशलेस मोटर थोडी महाग असली तरी कमी तापते आणि तिचे कार्बन ब्रश बदलावे लागत नाहीत.

आखाती देशांतून परतताना नातेवाइकांकरवी असे यंत्र मागवण्याची प्रथा गोव्याला नवी नाही. तिथला वीजपुरवठा आपल्यासारखाच असल्याने चार्जर चालतो, फार तर पिन बदलावी लागते. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा चार्जर मात्र इथे लावताच निकामी होऊ शकतो. विमानात सुटी लिथियम बॅटरी सामानात टाकता येत नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांपर्यंत त्यासाठी एरवी परवानगी घ्यावी लागत नाही. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की वॉट-तास मिळतात : १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९०.

सॉकेट आणि टॉर्क रेंच

यंत्राइतकेच महत्त्व सॉकेटला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या गोटीला आहे. चकचकीत क्रोमचा मुलामा असलेले नेहमीचे सॉकेट हाताने वापरण्यासाठी असते. ते कठीण, पण ठिसूळ. ठोक्यांखाली त्याला तडा जाऊन तुकडा डोळ्यात उडू शकतो. इम्पॅक्टसाठीची काळी, जाड सॉकेटे क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची असतात आणि ठोका पचवतात. भारतातील मोटारींना बहुधा १७, १९ किंवा २१ मिलिमीटरची मापे लागतात. अलॉय चाकांसाठी बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेली पातळ भिंतीची सॉकेटे मिळतात. डोळ्यांवर चष्मा तरीही हवाच. चोरी टाळण्यासाठी बसवलेल्या लॉक नटाच्या किल्लीवर इम्पॅक्ट रेंच कधीही चालवू नये. किल्ली तुटली तर चाक गाडीलाच अडकून राहते.

नट पुन्हा बसवताना खरी कसोटी लागते. सुरुवातीचे काही आटे बोटांनीच फिरवावेत. तिरका बसलेला नट हाताला लगेच जाणवतो. यंत्राला तो जाणवत नाही आणि ते आटे कापत पुढे जाते. मग पान्याने, किंवा रेंचच्या सर्वांत हळू गतीने, नट नुसते टेकवावेत. समोरासमोरच्या क्रमाने, गाडी खाली टेकवून, शेवटची आवळणी टॉर्क रेंचने करावी. टॉर्क रेंच हे हाताने चालवायचे मोजमापाचे साधन. ठरवलेले माप आले की ते ‘टक्’ असा आवाज करते. काही इम्पॅक्ट रेंचवर नट टेकताच आपोआप थांबण्याची सोय असते. ती उपयोगी आहे, पण तिला मोजमाप समजू नये. बॅटरी किती भरलेली आहे, सॉकेटला जोडदांडा लावला आहे का, आटे कोरडे आहेत की तेलकट, यांवर ठोक्याचा परिणाम बदलतो. सैल राहिलेल्या नटाने चाक निखळते. फाजील आवळलेल्या नटाने स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही, त्याने आधी तो घ्यावा आणि इम्पॅक्ट रेंच नंतर.

चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटर धावून झाले की नट पुन्हा एकदा तपासावेत. गंज टाळण्यासाठी स्टडला ग्रीस किंवा तेल लावण्याची सवय अनेकांना असते. गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितले नसल्यास ती सोडावी, कारण तेलकट आट्यांवर त्याच मापाने आवळूनही स्टडवर ताण अधिक येतो. तारेच्या ब्रशने आटे साफ करणे एवढे पुरते.

स्पार्क प्लग, इंजिन ऑइलचा ड्रेन प्लग, अॅल्युमिनियमच्या भागात शिरणारे बोल्ट यांच्यापासून हे यंत्र दूरच ठेवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरून तर ते चालवूच नये. ठोक्यांनी गाडी हलते आणि जॅक सरकतो. जॅक स्टँड आणि चाकांमागे अडसर ही तयारी आधी करावी.

पावसाळ्यात यंत्र आणि बॅटरी वेगवेगळी करून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. बॅटरी महिनोन्‌महिने वापरायची नसेल, तर ती अर्धी भरलेली असू द्यावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती कायमची ठेवल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. प्रवासाला निघताना सोबत घ्यावी, परतल्यावर घरात आणावी.