ऊबदार लेपाची कुळकथा

पश्चिम किनाऱ्यावरील थळ गावच्या कोळीवाड्यात वर्षाच्या मसाल्याची बेगमी ऐन उन्हाळ्यात होते, आणि बेडगी, शंकेश्वरी, लवंगी अशा मिरच्यांची देठे खुडता खुडता स्त्रियांच्या बोटांची जी आग होते, ती कितीही पाणी ओतले तरी शमत नाही, खोबरेल चोळले म्हणजेच काहीशी उतरते. कारण मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. त्वचेला ऊब देण्याची ग्वाही देणाऱ्या आधुनिक प्रसाधनांचे मूळ याच दाहात आहे.

मिरची या भूमीची नव्हे. सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा उष्ण लेप कपाळी लावण्याची आपली रीत जुनी. मिरची मात्र अमेरिकेतून पोर्तुगीज दर्यावर्दींच्या द्वारे सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि थळच्या दक्षिणेचे रेवदंडा बंदर तर १७४० पर्यंत त्यांच्याच अंमलाखाली होते. पुढे १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने मिरचीचे दाहक तत्त्व जवळजवळ शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याचे ‘कॅप्सेसिन’ असे नामकरण केले.

त्या दाहाचा उलगडा व्हायला १९९७ साल उजाडावे लागले. सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की मज्जातंतूंच्या टोकांवरील जे प्रथिन मेंदूकडे चटक्याची वर्दी धाडते, तेच कॅप्सेसिननेही उद्दीपित होते, हे डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा गौरव झाला. टॅरँट्युला कोळ्याच्या विषातील काही पेप्टाइडेही, म्हणजे अमिनो आम्लांच्या लघुशृंखला, हीच खोटी वर्दी देतात, असे २००६ साली आढळले.

तेव्हा ऊबदार प्रसाधनाच्या डबीवरील ‘पेप्टाइड’ या शब्दाने सुरक्षिततेचा किंवा गुणाचा निवाडा होत नाही. कोणते पेप्टाइड आणि किती प्रमाणात, हा तपशील पाहिला पाहिजे. अनेक प्रसाधनांत ऊब येते ती व्हॅनिलिल ब्यूटिल इथर या वेगळ्याच द्रव्यामुळे, आणि तिचा लाभ सुखद संवेदना व तात्पुरती लाली एवढाच समजावा. त्वचेला ऊब वाटली म्हणून सुरकुती गेली, असा दाखला मिळत नाही. असा लेप प्रथम दंडाच्या आतील बाजूस थोडासा लावून एक दिवस वाट पाहावी, डोळे व जखम यांपासून दूर ठेवावा, वाफ घेतल्यावर लगेच लावू नये. आणि आग झालीच तर तो पुसून साबणाने धुवावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार प्रसाधनाचे काम स्वच्छता व शोभा यांपुरतेच असल्यामुळे, सांधेदुखी बरी करण्याची हमी देणाऱ्याने औषधाचा परवाना दाखवावा, अशी मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे.