दोन गेंडे

इ. स. १५१५ च्या जानेवारींत गोव्याहून निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावर एक विलक्षण प्रवासी होता. गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा यानें आल्बुकर्क यास नजर केलेला तो गेंडा होय. ता. २० मे रोजीं तो लिस्बनास उतरला. रोमन साम्राज्याच्या काळानंतर युरोपांत आलेला हा पहिलाच गेंडा असल्यामुळें त्याची वार्ता लौकरच जर्मनींत जाऊन पोंचली, यांत नवल नाहीं.

त्याच वर्षीं तेथील दोन कलावंतांनीं त्याचीं चित्रें लांकडी ठशांवरून छापलीं. एक न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्ट ड्यूरर, दुसरा आउग्सबुर्गचा हान्स बुर्गक्मायर. ड्यूररनें तो प्राणी स्वतः पाहिला नव्हता. एक पत्र व एक रेखाटन एवढाच त्याचा आधार. त्यावरून त्यानें कातडीच्या वळ्यांचें चिलखत बनविलें, पायांवर खवले चढविले आणि खांद्यांवर एक जादा लहानसें शिंगहि उगवविलें! बुर्गक्मायरच्या चित्रांत हा थाट नाहीं. जादा शिंग नाहीं, चिलखत नाहीं. मात्र पुढचे पाय जखडलेले आहेत.

लोकांनीं पसंत केलें तें ड्यूररचें चित्र. तें पुन्हां पुन्हां छापलें गेलें. इ. स. १५५१ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या गेस्नरच्या प्राणिग्रंथांतहि तोच गेंडा आला. इ. स. १७४९ मध्यें ऊद्रीनें पारीस येथें एका जिवंत गेंड्याचें चित्र रंगविलें, तेव्हां कोठें त्याचें वर्चस्व ओसरूं लागलें. उलट बुर्गक्मायरच्या चित्राची एकच प्रत व्हिएन्नाच्या आल्बेर्टिना संग्रहांत उरली आहे.

ड्यूररची रेषा समर्थ होती, हें खरें. पण त्याच्या यशाचें आणखीहि एक कारण असावें. दूरदेशचा पशु कसा असावा याची जी कल्पना पाहणाराच्या मनांत आधींच असते, तिला त्या चित्रानें रूप दिलें. त्याचा गेंडा कोणाचाहि बंदी नाहीं. खरा गेंडा मात्र बंदीच होता. पोर्तुगालच्या राजानें त्यास पोप दहावा लिओ याजकडे भेट म्हणून धाडलें, इ. स. १५१६ च्या आरंभीं इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालें, आणि साखळ्यांनीं जखडलेला तो मुका जीव बुडून मेला. त्या साखळ्यांची खूण दोहोंपैकीं एकाच चित्रांत राहिली, आणि तेंच चित्र लोक विसरले.