श्रमाचे मोल : पांढुर्णा-सौंसरचा कापूस आणि वर्ध्याचा विचार

सातपुड्याच्या पठारावरून दक्षिणेकडे घाट उतरला की जमिनीचा रंग बदलतो आणि बोलीही बदलते. पांढुर्णा व सौंसर हा टापू कारभाराच्या दृष्टीने दीर्घकाळ छिंदवाडा जिल्ह्यात होता. परंतु त्याची काळी कपाशीची जमीन, त्याचा व्यापार आणि त्याची मराठी ही नागपूर-वऱ्हाडाशी सलग राहिली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व वर्धा हे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा टापू मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा अशा बदलत गेल्या, तरी येथील एक प्रश्न बदलला नाही. ज्यांच्या हातांनी कापूस निघतो, त्यांच्या हाती अखेर काय उरते?

जुन्या काळी कापसाचा बहुतेक प्रवास पंचक्रोशीतच पुरा होई. घरोघरच्या स्त्रिया कापूस लोढून सरकी वेगळी काढीत, पिंजारी तो पिंजीत, सूत घरी निघे आणि कोष्टी व महार विणकर त्याचे कापड करीत. सौंसर तालुक्यातील लोधीखेडा हे गाव सुती कापडाप्रमाणेच तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीही ओळखले जाई. या व्यवस्थेत सारे सुखी होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. जातीची उतरंड आणि सावकारी पाश तेव्हाही होतेच. तथापि एका पिकावर अनेक हातांना काम मिळत होते, हे खरे.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि हा प्रवास तुटला. कापूस गावात लोढला जाण्याऐवजी जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत जाऊ लागला आणि गासड्या बांधून मुंबईकडे रवाना होऊ लागला. लोढण्याचे घरचे काम गेले. त्याच्या जागी हंगामी मजुरी आली. १८८१ चा पहिला कारखाना कायदा या मजुरांच्या उपयोगी पडला नाही. शंभरांहून कमी कामगार असलेले आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते, आणि कापसाचे जिन तर हंगामापुरतेच चालत. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ मध्ये. तीस वर्षे कायदा होता, पण रुईच्या धुळीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या दारापर्यंत तो आला नव्हता.

याच काळात नागपुरात निराळा प्रयोगही चालू होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस पिकतो तेथेच गिरणी उभारावी, हा विचार त्यामागे होता. या गिरणीत १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. कायद्याने सक्ती करण्यापूर्वी मालकाने ही जबाबदारी उचलली, याचे मोल मोठे आहे. परंतु हा आधार गिरणीच्या फाटकाच्या आतला होता. फाटकाबाहेर कापूस वेचणारीला त्याचा लाभ नव्हता. गिरणी पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि या शतकाच्या आरंभी ती बंद झाली, तेव्हा आतला आधारही संपला.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत संघाचे कार्यालय होते, जे. सी. कुमारप्पा हे त्याचे मंत्री. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला हा विद्वान तेलघाणी, हातकागद, मधमाश्या आणि हातसडीचा तांदूळ यांच्या हिशेबात रमला. काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. ज्या प्रांतात पांढुर्णा-सौंसर होते, त्याच प्रांतातील ६०६ गावांच्या पाहणीवरून समितीने आपल्या शिफारशी केल्या. उद्योगाचा विचार कारखान्यापासून सुरू न करता गावापासून सुरू करावा, हे त्या पद्धतीतच अनुस्यूत होते.

याहून कठीण कसोटी १९३५ मध्ये लागली. खादी विकणारे देशसेवा करीत होते, पण सूत कातणाऱ्या बाईला मिळणाऱ्या मजुरीवर तिचे पोट भरत नव्हते. गांधीजींनी हा दोष आपल्याच चळवळीच्या पदरात घातला आणि आठ तासांच्या कामाला आठ आणे हे ध्येय मांडले. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनी केवळ कताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहिला. दुसऱ्याला देऊ केलेली मजुरी पुरते की नाही, हे त्यांनी स्वतःच्या ताटावरून पडताळले. त्या वर्षी चरखा संघाने ठरविले की अन्नवस्त्राच्या गरजेवरून आधी मजुरी ठरावी आणि मग कापडाची किंमत. खादी महागली आणि आठ आण्यांचे ध्येय दूरच राहिले. तरीही बाजाराचा हिशेब उलट्या टोकाने मांडला गेला, ही त्यातील ऐतिहासिक गोष्ट होय.

पुढे जबलपूरच्या तुरुंगात कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा ग्रंथ लिहिला; तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाघाच्या लुटीपासून मधमाशीच्या सामूहिक श्रमापर्यंत आणि पिलांना भरविणाऱ्या पक्षिणीच्या सेवेपर्यंत निसर्गातील अर्थव्यवहारांच्या पायऱ्या त्यांनी त्यात दाखविल्या. वस्तू विकत घेणारा हा ती कशी तयार झाली याच्या पापपुण्याचा वाटेकरी असतो, हेही त्यांचे आग्रहाचे सांगणे होते.

या विचाराला तितकाच समर्थ प्रतिवाद त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. यंत्र नाकारणे म्हणजे माणसाला जन्मभर कष्टाशी जखडणे. फुरसतीवाचून संस्कृती नाही आणि यंत्रावाचून बहुजनांना फुरसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दोष यंत्राचा नसून ते ज्या समाजरचनेच्या हाती असते तिचा आहे, असे त्यांनी बजावले. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या काहींच्या माथी कष्टच मारले, त्या समाजात हा आक्षेप बाजूस सारता येत नाही.

आज या टापूत कपाशीच्या जोडीला संत्र्याच्या बागा आहेत आणि बोरगावास औद्योगिक वसाहत आहे. वेचणी मात्र अद्याप मुख्यतः स्त्रियांच्या बोटांनीच होते. कापसाला भाव किती, याची चर्चा दरवर्षी होते. वेचणीला मजुरी किती, याची क्वचितच. म्हणून वर्ध्याने घालून दिलेला क्रम आणि आंबेडकरांनी मागितलेली फुरसत हे दोन्ही एकत्र वाचावे लागतात. दिवसाच्या कामाने पोट भरले पाहिजे आणि त्यानंतर माणसाची संध्याकाळ त्याची स्वतःची राहिली पाहिजे. गावोगावची ग्रंथालये अशा संध्याकाळच्या भरवशावरच उभी राहिली. शेतातून परतलेली वेचणारीण ज्या दिवशी त्यांच्या वाचनकक्षात निवांत बसू शकेल, त्या दिवशी या हिशेबातील जुनी बाकी काही अंशी फिटेल.